पार्टिशन भाड्याने

रोलाच्या मागे, सलूनच्या भिंतीवर चिठ्ठी होती:
पार्टिशन भाड्याने. सहाशे. पाणी-वीज धरून.
खाली नंबराच्या पट्ट्या कातरून लोंबवलेल्या.
मी एक फाडली.
तेव्हापासून प्लायवूडच्या अलीकडे मी
आणि पलीकडे पदमबहादूरचा खोकला.

एका हॉलची चार घरं.
चारच होतात, पाचवं होत नाही.
मग मोईदूक्काने चौथ्याच्या पोटात पोट काढलं,
थेट बाल्कनीपर्यंत;
एकाच्या दारातून दुसरा, दुसऱ्याच्या दारातून तिसरा.
शफीउल सर्वांत शेवटी,
वॉशिंग मशिनला पाय लावून.

दिवसा दुकानातही मी हेच बघतो.
डिस्कच्या पहिल्या सेक्टरात पाचशे बारा बाइट.
त्यांतल्या चारशे सेहेचाळिसांत एक चिमुकला प्रोग्रॅम.
त्याला स्वतःला फारसं काही येत नाही,
पुढच्याला उठवता येतं, बस्स.
मग चौसष्ट. कला नव्हेत, घरांची नोंद:
कुठून सुरू, किती लांब,
आणि हो, जात. तीही एका बाइटात.
चौघांपैकी एकाच्याच कपाळावर ऐंशीचा शिक्का,
म्हणजे आधी याला उठवायचं.
सगळ्यात शेवटी दोन बाइट: पाच पाच, ए ए.
जिन्यातून कुणी हाक मारावी तसं,
ए… ए…
ती ऐकू आली तरच मशीन आत उडी घेतं,
आणि मग खाली बघत नाही.

आमच्यात ऐंशी पदमबहादूर.
चारला त्याचा गजर. तो दिवा लावतो,
दिव्याने शफीउल उठतो,
शफीउलच्या नळाने मी.
एकदा मीही चारचाच गजर लावला
तर दोघं मोरीच्या दारात अडकलो,
ना हा आत, ना तो.

गुरुवारी बलदियाची माणसं आली.
आरडाओरडा नाही. कागद दाखवला, फोटो काढले,
ड्रिल उलटं फिरवलं,
आणि दुपारपर्यंत हॉलचा पुन्हा हॉल केला.
मोईदूक्का वहीसकट गायब.
कोण कुठे, कुणाचं डिपॉझिट किती,
सगळं त्या वहीत.

त्याच संध्याकाळी नजलाबाईंची डिस्क टेबलावर.
टायपिंग सेंटर. नऊ वर्षांचे व्हिसाचे अर्ज.
भाच्याने कसलासा प्रयोग केला आणि पहिला सेक्टर कोरा.
काळा पडदा, डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारी रेघ.
सगळं गेलं? त्या म्हणाल्या.
मी म्हटलं, बाई, भिंती गेल्यात. माणसं आतच आहेत.
हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणतो.
त्या दिवशी म्हटलं, आणि चहा गार होईपर्यंत
पुढे बोललो नाही.

सेक्टरमागून सेक्टर ठोकत गेलो.
पहिलं दार त्रेसष्टाव्यावर, जिथे असायला हवं तिथेच.
दुसऱ्याचं दार फुटलेलं,
पण त्याची नक्कल त्याच घराच्या पार शेवटी,
कुणीतरी किल्ली कौलात खोचून ठेवावी तशी.
मोजलं. आकडे हाताने भरले,
उलटे, लहान बाइट आधी, मोठा शेवटी.
उजवीकडून वाचणाऱ्या नजलाबाईंना
त्यात काही नवल वाटलं नाही.
मग हाक लिहिली: पाच पाच, ए ए.
मशीन उठलं.
बाईंनी पन्नास दिरहम दिले,
आणि तुझा पुढचा अर्ज फुकट टाइप करीन, म्हणाल्या.
कसला अर्ज, ते दोघांनीही विचारलं नाही.

रात्री अकराला परतलो. दिवा बंद.
उघड्या फरशीवर स्क्रूची भोकं रांगेने,
चिकट डिंकाची एक रेघ.
वाटलं होतं, सगळे एसीखाली गोळा झाले असतील.
कुणीच रेघ ओलांडली नव्हती.
शफीउल बाल्कनीत, पाय मशिनला.
मध्ये सात बाय साडेचारची जागा,
रिकामी, माझ्यासाठी.
मी चाचपडत गेलो
आणि नसलेल्या दारातून
वाकून आत शिरलो.

पदमबहादूर खोकला.
फार जवळून.